दोरीवरचे कपडे

(वरच्या मजल्यावरचं घर. स्वयंपाकघराची खिडकी गल्लीकडे उघडते. खाली चिखल उपसणाऱ्या फावड्यांचा आवाज चालू आहे.)

बायको : मग तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. वहिनी अंघोळ करून बाहेर यायच्या आत काय ते ठरवा.

नवरा : हळू बोल. बाथरूमचं दार पातळ आहे.

बायको : दाराची काळजी बरी आठवली! वहिनींचा धाकटा दीर निघालाय घरून. चिमीचे कपडे आणि दप्तर न्यायला येतोय. कपडे गेले की पोरगी गेली, एवढं कळतं ना तुम्हाला?

नवरा : असं कोणी आईपासून पोर तोडत नाही गं. त्यांच्या म्हाताऱ्या सासूचा मुलगा गेलाय. दुःखात माणूस काहीही बोलतो.

बायको : काहीही नाही बोलली ती. मोजून बोलली. ‘जिनं माझ्या मुलाला तळघरात बसवून ठेवलं, तिच्या हाती नात द्यायची नाही.’ मी तिथे उभी होते. वहिनी खाली मान घालून ऐकत होत्या. उलटून एक शब्द बोलल्या नाहीत, कारण त्यांनाही तेच वाटतं.

नवरा : मग आपण तरी काय करायचं? घरात घेतलंय त्यांना. दुकानात चिखल, वरच्या खोलीत चिखल, जाणार कुठे होत्या? तेवढं तरी गल्लीत दुसऱ्या कोणी केलं का?

बायको : हो, केलंय ना. माझा गाऊन घालतात, माझ्या ताटात जेवतात आणि रोज सकाळी चहा पिताना म्हणतात, ‘ताई, तुमचे उपकार कसे फेडू?’ माझ्या घशाखाली घोट उतरत नाही. तुमच्या उतरतो?

नवरा : इशारा दिला होता आम्ही. सगळ्यांच्या फोनवर गेला होता, शिंपीमास्तरांच्याही गेला होता. ऑरेंज अलर्ट. ‘डोंगराळ भागात तुरळक ठिकाणी अतिजोरदार पाऊस.’ याच्यापुढे हवामान खातं काय करणार? घरोघर जाऊन हाताला धरून उठवणार?

बायको : आणि तो अलर्ट वाचून गल्लीनं काय केलं?

नवरा : मला काय विचारतेस? मी ऑफिसात होतो.

बायको : मान वर करून आपल्या गच्चीकडे बघितलं. दुसरं काय करतात? तुमचा अलर्ट येतो दिवसाआड. लोक तो वाचत नाहीत, अंगठ्यानं बाजूला सारतात. पण ढगवाल्यांच्या दोरीवरचे कपडे आत गेले की कडकडीत उन्हातसुद्धा चहावाला बाकडी उचलतो, सुतार लाकूड झाकतो आणि मास्तर कापडाचे तागे तळघरातून वर चढवतात. चढवायचे.

नवरा : ती गल्लीची खोड आहे. माझ्या गच्चीकडे बघा अशी मी काही दवंडी पिटली नव्हती.

बायको : पिटली नव्हती, पण गोड लागायचं. ऑफिसात तुमच्या शब्दाला कोणी विचारत नाही आणि इथे तुमच्या बनियनवर अख्खी गल्ली चालते! कॉलर ताठ व्हायची तुमची. उगाच नाही म्हणू नका.

नवरा : आणि तोंडघशी पडलो तेव्हा? मागच्या खेपेला मी फोन केला, तू कपडे आत घेतलेस, गल्लीनं सगळा पसारा वर चढवला, आणि एक थेंब पडला नाही. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? मास्तर. ‘ढगवाले, तुमच्या ढगाला वाटेत सासुरवाडी लागली का?’ टपरीवर महिनाभर तेच. शेंबडी पोरं मला बघून छत्री उघडायची. वर साहेबांच्या कानावर गेलं. भर मीटिंगमध्ये म्हणाले, ‘खात्याचा अंदाज हल्ली तुमच्या गच्चीवरून सुटतो म्हणे.’ सगळे दात काढत होते.

बायको : म्हणून तुम्ही फतवा काढलात. यापुढे आभाळ फाटलं तरी कपडे दोरीवरच.

नवरा : साहेबांनी बजावलं होतं, घरच्यांकडून काही बाहेर जाता कामा नये.

बायको : साहेबांनी कपड्यांचं नाव काढलं नव्हतं. कपडे तुमच्या डोक्यातून आले. मास्तरांना आणि त्या टपरीला धडा शिकवायला.

नवरा : धडा कसला डोंबलाचा! मला पुन्हा हसं नको होतं, एवढंच.

बायको : पूर आला त्या दुपारी फोनवर काय म्हणालात मला?

नवरा : तुला माहीत आहे.

बायको : तुमच्या तोंडून ऐकू दे. त्यांनाही तेच सांगायचंय.

नवरा : म्हणालो, कपडे राहू देत. आणि नुसतं तेवढंच नाही म्हणालो. आणखीही काही म्हणालो होतो, ते तू...

बायको : ते राहू द्या. आत्ता कपड्यांचं चाललंय.

नवरा : का राहू द्या? ते पण...

बायको : कडी वाजली. गप्प बसा. या वहिनी, या. बसा. चहा ठेवते.

वहिनी : नको ताई. पाणीसुद्धा फार वापरलं नाही मी. अर्ध्या बादलीत भागवलं. अंगावर घ्यायला नको वाटतं हल्ली.

बायको : होईल हळूहळू.

वहिनी : सुईदोरा आहे का हो तुमच्याकडे? चिमीच्या शाळेच्या शर्टाचं एक काज उसवलंय. दीर येईपर्यंत टाके घालून टाकते. चिखल गेला, पण डाग काही गेला नाही. शिंप्याची पोर आणि उसवलेलं काज घालून जायची, बरं दिसत नाही.

बायको : त्या डब्यात आहे. वहिनी, तुम्ही कपडे देणार दिराला?

वहिनी : नाही देऊन काय करू? पोर तिथे सासूबाईंपाशी आहे, कपडे इथे कशाला ठेवायचे?

बायको : भांडा की! आई आहात तुम्ही.

वहिनी : कोणत्या तोंडानं भांडू? सासूबाई त्यांच्या खाटेवर होत्या. मी जिन्यात उभी राहून खाली काय ओरडले, ते त्यांनी कानांनी ऐकलंय. सुतारानं त्यांना खिडकीतून ओढून काढलं म्हणून त्या आहेत. आणि आहेत म्हणून ते वाक्यही आहे. त्या चिमीला रोज सांगत असणार.

नवरा : वहिनी, असं मनाला लावून घेऊ नका. हा निसर्गाचा कोप आहे. याला कोणी जबाबदार नसतं.

वहिनी : भाऊ, तुम्ही शिकलेले आहात या विषयातले. मला एक समजावून सांगा. इथे तर ऊन होतं. रस्ता कोरडा होता. मग पाणी आलं कुठून? रोज विचारीन म्हणते, रोज राहून जातं.

नवरा : हां, ते सांगतो. लोकांना नेमकं हेच कळत नाही. आपल्याकडे पाऊस पडलाच नाही. पडला मागच्या डोंगरावर. समुद्रावरून ओली हवा येत होती, कितीतरी दिवस सतत. ती डोंगराला अडते, अडली की वर चढते, वर गार असतं, तिथे तिचं पाणी होतं. इथपर्यंत नेहमीचंच. एरवी वरचा वारा त्या ढगाला पुढे ढकलत नेतो, म्हणजे पाऊस दहा गावांत वाटून जातो. त्या दिवशी वरचा वारा पडला होता. ढग जागचा हलला नाही.

वहिनी : एकाच जागी पडत राहिला?

नवरा : एकाच जागी. आणि गंमत म्हणजे, गंमत म्हणजे तसं नव्हे, पण एक ढग रिकामा झाला की मागून दुसरा बरोबर त्याच जागी येऊन रिकामा व्हायचा. मग तिसरा. त्यात आधीच्या पावसानं डोंगरावरची माती पाणी पिऊन तट्ट झालेली. जिरायला जागाच नाही. जेवढं पडलं तेवढं सगळं उताराला लागलं. डोंगराखालचा ओढा तुम्हाला माहीत आहे, तोच आपल्या गल्लीखालून जातो. त्यावर लोकांनी स्लॅब टाकलेला, स्लॅबखाली कचरा. तोंड बंद झालं आणि पाणी वर आलं. दिसायला वेळ लागतो, यायला लागत नाही.

वहिनी : यांना वाटलं असणार, नळ फुटला. पहिल्यांदा तेच वाटलं असणार. मशीन बंद करून नळाकडे गेले असतील.

बायको : वहिनी...

वहिनी : शटर नंतर उचललंच गेलं नाही म्हणतात. बाहेरून पाण्याचा दाब. कापायच्या टेबलावर चढून बसले होते. छताला हात लागत होता तिथून. चांगलं समजावून सांगितलंत भाऊ. टीप घातल्यासारखं सरळ. आता एवढंच सांगा, हे सगळं तुम्हाला कळलं कधी?

नवरा : कळतं म्हणजे, असं एकदम नसतं ना. तुकड्यातुकड्यानं कळतं. ओली हवा येतेय हे आधीपासून दिसत होतं. वरचा वारा पडलाय हे सकाळी. ढग हलत नाही हे रडारवर दुपारी दिसायला लागलं.

वहिनी : दुपारी म्हणजे, मी वर बघितलं त्याच्या आधी की नंतर?

नवरा : तुम्ही कधी बघितलंत ते मला कसं ठाऊक असणार?

वहिनी : अलर्ट आला तेव्हा. यांच्या फोनवर टिंग झालं. यांनी वाचला आणि म्हणाले, जा गं, ढगवाल्यांची दोरी बघून ये. शाळेचे गणवेश पुरे करायचे होते, तागे वर चढवायचे म्हणजे सगळी दुपार फुकट. मी पायऱ्या चढून आले, मान वर केली. चादर होती, तुमचे दोन शर्ट होते आणि हा निळा गाऊन होता. मी तिथूनच ओरडले, ‘कपडे आहेत, खुशाल शिवा!’ हे म्हणाले, ‘नक्की ना?’ मी म्हटलं, ‘अहो, चादरसुद्धा आहे!’ आणि झालेल्या गणवेशांचं गाठोडं घेऊन शाळेत गेले. तेवढं द्यायचं आणि चिमीला घेऊन यायचं, म्हणून गेले.

नवरा : कोणीही तेच केलं असतं.

वहिनी : नाही, थांबा. मला ताईंना विचारायचंय. रोज रात्री मी ती दोरी डोळ्यांपुढे आणते, पण मला आठवत नाही. चादर होती, पण पूर्ण पसरलेली होती की एका बाजूनं ओढलेली? ताई, तुम्ही तेव्हा कपडे काढत होतात का? निम्मे काढून झाले होते का? तसं असेल तर मी दोन मिनिटं थांबायला हवं होतं. घाई केली मी. सासूबाई म्हणतात ते मग खरंच आहे. एकदा कळलं की मी गप्प बसेन. दीर येतील, कपडे देईन, काही बोलणार नाही.

बायको : अहो, सांगा.

नवरा : काय सांगू?

बायको : सांगताय की नाही?

नवरा : वहिनी, तुम्ही घाई केली नाहीत. तेवढं मनातून काढून टाका. नियतीच...

बायको : नियती राहू दे बाजूला! वहिनी, कपडे काढायचेच नव्हते. निम्मे नाहीत आणि एकही नाही. यांनी ऑफिसातून फोन केला होता मला. डोंगरावर ढग अडकलाय, ओढ्याला पाणी येईल असं वाटतंय म्हणाले, आणि वर म्हणाले, कपडे मात्र राहू देत. गल्लीला दिसले पाहिजेत.

वहिनी : दिसले पाहिजेत?

बायको : हो.

वहिनी : का?

नवरा : मला खात्री नव्हती, वहिनी. खरंच नव्हती. त्या डोंगरातून तीन ओढे निघतात. ढग थोडा पलीकडे असता तर पाणी दुसऱ्याच खोऱ्यात गेलं असतं, आपल्याकडे टिपूससुद्धा नाही. अंदाज म्हणजे अंदाज असतो. मागच्या खेपेला काय झालं तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच सगळे तागे वर चढवलेत, तुम्हीच पुन्हा खाली उतरवलेत. मास्तर स्वतः बोलले होते मला टपरीवर, सगळ्यांदेखत. पुन्हा तसंच झालं असतं तर...

वहिनी : तर काय झालं असतं?

नवरा : तर पुन्हा हसले असते.

वहिनी : हो. हसले असते. पहिले हेच हसले असते. तुम्हाला ठाऊक आहे ना कसे हसायचे, टेबलावर थाप मारून? टाचण्या सगळ्या खाली सांडायच्या. मग मी वेचत बसायची.

नवरा : वहिनी, मी अलर्ट तर दिला होता ना. मीच सही केली त्याच्यावर. रेड करा म्हणून साहेबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, एवढ्याशा डोंगरापायी अख्ख्या जिल्ह्याला रेड लावता येत नाही. माझ्या हातात तेवढंच होतं.

वहिनी : तुमच्या हातात दोरी होती, भाऊ.

नवरा : दोरी हे काही इशारा द्यायचं साधन नाही. कोणी सांगितलं होतं तुम्हाला दोरीवर भरवसा ठेवायला? फोनवर स्पष्ट शब्दांत लिहून येतं, ते वाचायचं सोडून माझ्या चादरी मोजत बसता आणि मग...

बायको : अहो!

वहिनी : बोलू द्या ताई. बरोबर बोलतायत. तेव्हा नव्हतं कळलं, आता कळलं. फोनवरचं सगळ्यांसाठी असतं आणि दोरीवरचं घरातल्यांसाठी. आम्हाला वाटायचं आम्हीही त्यातलेच.

नवरा : मला तसं म्हणायचं नव्हतं.

बायको : वहिनी, मी तेव्हाच यांना म्हटलं होतं, हे बरं नाही. आज सकाळपासून यांच्या मागे लागलेय की सांगून टाका. तुमच्यावर आळ राहायला नको. चिमी तुमच्यापाशीच राहिली पाहिजे. मला खरंच सहन होत नव्हतं.

वहिनी : हो ना. तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. एक विचारू, ताई?

बायको : विचारा ना.

वहिनी : भाऊंचा फोन आला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

बायको : इथेच. घरात.

वहिनी : घरातच. आणि मग घरातून तुमच्या म्हाताऱ्या बाबांना घेऊन खाली आलात.

बायको : हो, म्हणजे, नंतर थोड्या वेळानं...

वहिनी : मी गणवेशांचं गाठोडं घेऊन निघतच होते, तेवढ्यात तुम्ही रिक्षा आमच्या दारापाशी थांबवलीत, कारण पुढे सुताराची हातगाडी होती. बाबांचा पाय रिक्षात चढेना. तर हे हातातलं काम टाकून तळघरातून वर आले. दुकानातलं स्टूल आणलं, पायाखाली लावलं, बाबांना कमरेला धरून नीट आत बसवलं. शाल गुडघ्यावर घातली. आठवतं?

बायको : आठवतं.

वहिनी : हे म्हणाले, ‘म्हाताऱ्या माणसाला घेऊन एवढ्या उन्हात कुठे निघालात?’ तुम्ही काय म्हणालात?

बायको : वहिनी, यांनी फोनवर बजावलं होतं, कोणाला बोलू नकोस म्हणून. बाबांना घेऊन टेकडीवर बहिणीकडे जा आणि बोलू नकोस. साहेबांना कळलं तर...

नवरा : बघ. आणखीही म्हणालो होतो म्हटलं ना, तेव्हा तुला नको होतं ते.

बायको : तुम्ही मध्ये बोलू नका!

वहिनी : तुम्ही म्हणालात, बहिणीची तब्येत बरी नाही. मी म्हटलं, काळजी घ्या. आणि इतके दिवस मी मनात म्हणतेय, बरं झालं बाई, यांचं नशीब थोर, नेमक्या त्याच दुपारी बहीण आजारी पडली. आता कशी आहे बहीण?

बायको : चहा ठेवते हं मी.

वहिनी : बरी आहे ना?

बायको : ती आजारी नव्हती.

वहिनी : नव्हतीच ना.

बायको : मला वाटलं पाणी आलंच तर उंबऱ्यापर्यंत येईल. असं काही होईल हे डोक्यातही नव्हतं. मास्तर समोर उभे होते, माझ्या ओठांवर आलं होतं, शपथ. पण रिक्षावाला घाई करत होता, बाबा कुरकुरत होते, आणि मला वाटलं, कपडे आहेत दोरीवर, आता मी काही वेगळं बोलले तर सगळी गल्ली गोळा होईल. यांच्या नोकरीवर येईल. मी मागे वळून बघितलं होतं, वहिनी. ते स्टूल उचलून खाली जात होते.

वहिनी : पाच शब्द पुरले असते. ‘मास्तर, आज दुकान बंद करा.’ मोजून पाच. एवढे पाच शब्द.

बायको : मारा मला हवं तर. पण असं शांतपणे नका बोलू.

वहिनी : मारायचं काय त्यात? तुम्ही मला खरं सांगितलंत. पण ताई, भाऊंचं सांगितलंत. तुमचं नाही सांगितलंत. ते मला दोरा तोडता तोडता आठवलं म्हणून.

नवरा : हॉर्न वाजतोय. तुमचे दीर आले वाटतं.

वहिनी : त्यांचाच आहे. खिडकीतून सांगा त्यांना, वर येऊ नका, मी खाली येते.

नवरा : अहो, जरा थांबा तिथेच. येतायत त्या. हो, येतायत! वहिनी, हे बघा, आत्ता कपडे देऊन टाका. वाद नको. मी उद्या सकाळी स्वतः तुमच्या सासूबाईंकडे जातो. शांतपणे बसून त्यांना सगळं समजावतो.

वहिनी : समजावू नका. सांगा.

नवरा : तेच ते. पण त्याची पद्धत असते ना. खात्याची चौकशी चालू आहे. आमचं म्हणणं दिलं गेलंय, की वेळेवर इशारा दिला होता. आता मीच बाहेर काही बोललो तर ते माझ्या एकट्यावर शेकणार. साहेब हात वर करणार. नोकरी जाईल ती जाईल, पण या गल्लीत राहायचंय आम्हाला. लोक दगड मारतील.

वहिनी : मारतील कदाचित.

नवरा : मग?

वहिनी : मग काही नाही. मी जिन्यातून ओरडले ते खरंच आहे, भाऊ. ते कोणी पुसू शकत नाही. ‘नक्की ना?’ असं त्यांनी विचारलं होतं, ते मी मरेपर्यंत ऐकणार आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून माझं ते सुटेल असं नाही. पण चिमी लहान आहे. तिला उद्या कोणी विचारलं, तुझा बाप कसा गेला, तर तिच्या तोंडी फक्त माझंच नाव यायला नको. तिघांची आहेत नावं. तिघांची घेऊ दे.

बायको : मी येते खाली. मी सांगते.

वहिनी : तुम्ही याच. बाबांना रिक्षात कोणी बसवलं, तेवढं तुमच्या तोंडानं दिरांना सांगा. बाकीचं भाऊ सांगतील.

नवरा : आत्ता? असं रस्त्यात? सुतार आहे, चहावाला आहे, सगळे चिखल काढतायत तिथे.

वहिनी : असू देत. तेही वरच बघत होते त्या दिवशी.

नवरा : निदान शर्ट तरी बदलू दे. मला दोन मिनिटं विचार करू दे, काय बोलायचं, कसं बोलायचं.

वहिनी : चिमीचे कपडे इथेच राहतील. गाठोडं बांधलं होतं ते सोडून ठेवलंय मी. ती इथे येईल नाहीतर मी तिथे जाईन, पण कपडे माझ्या हातून जाणार नाहीत. चला, भाऊ. चप्पल घाला.

नवरा : वहिनी, ऐका ना माझं...

वहिनी : घाला चप्पल. आणि सावकाश या. खालच्या पायऱ्यांवर अजून चिखल आहे, पाय घसरेल.